जमिनीवर आरोप नसतो, बोजा असतो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला ‘चार्ज’ या इंग्रजी शब्दावरचा लेख आणि त्याखालची चौकट दोनदा वाचली. लेखकाचा हेतू चांगला आहे, याबद्दल मला शंका नाही. पण चौकटीला ‘चार्जचे समानार्थी शब्द’ असे शीर्षक देऊन आरोप, शुल्क, आकार, हल्ला, प्रभार, कार्यभार असे सहा शब्द एका ओळीत बसवले आहेत, ते पाहून राहवले नाही. हे शब्द एकमेकांचे समानार्थी कसे? एका शब्दाचे हे सहा निरनिराळे अर्थ आहेत. पाणी काढून जल ठेवले तरी वाक्य उभे राहते. आरोप काढून तिथे शुल्क ठेवून बघा. मराठीत कर म्हणजे हात आणि कर म्हणजे पट्टीसुद्धा. म्हणून हात आणि पट्टी समानार्थी झाले काय?

त्यातही एक शब्द गाळलाच आहे. तो म्हणजे बोजा, कर्जापोटी जमिनीवर नोंदलेला सावकाराचा किंवा संस्थेचा हक्क. ज्याच्या नावावर दहा गुंठे आहेत त्यालाही आमच्याकडे हा शब्द ठाऊक असतो.

तासगाव तालुक्यात विकास सोसायट्यांचा गटसचिव म्हणून माझी सगळी नोकरी गेली. सभासद कर्ज उचलताना इकरार, म्हणजे लेखी कबुली, करून देतो, तो तलाठ्याकडे जातो आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कात सोसायटीचा बोजा चढतो. १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमाचे कलम ४८ यासाठीच आहे. इंग्रजी कायद्यात याला चार्ज म्हणतात. कर्ज फिटले की बोजा कमी करून घ्यायचा. गहाण वेगळे, ताबा न सोडता ठेवलेले नजरगहाण वेगळे, बोजा वेगळा. हे फरक शेतकऱ्याला कुणी वर्गात बसवून शिकवलेले नाहीत, तरी तो ते चुकत नाही.

आता माझ्या घरातली गोष्ट सांगतो. माझे चुलते आम्हा सगळ्यांचे तात्या. वय शहात्तर, दोन एकर द्राक्षबाग. दोन वर्षांपूर्वी ऐन एप्रिलात, खरड छाटणीला माणसे लागलेली असताना, त्यांना एका वित्तसंस्थेचे पत्र आले. नाव लिहीत नाही. पत्र मराठीत होते, पण कुणी मराठी माणसाने लिहिलेले नव्हते. त्यात होते, ‘आपल्या गट क्रमांकातील जमिनीवर संस्थेचा पहिला आरोप निर्माण करण्यात आला आहे.’ मूळ मसुद्यात ‘फर्स्ट चार्ज’ असणार. म्हणजे कर्जवसुलीत या संस्थेचा हक्क पहिला. कर्जदाराला घाबरण्यासारखे त्यात काहीही नाही.

तात्यांनी ते पत्र चार दिवस कुणाला दाखवले नाही. पेटीत धोतरांच्या घडीखाली ठेवले. जेवण कमी झाले, बागेत जाणे थांबले. चुलतीला वाटले ऊन लागले असेल. पाचव्या दिवशी ते एकटेच एसटीने तासगावला गेले आणि कोर्टाबाहेर एका वकिलाला पाचशे रुपये देऊन आले. त्या वकिलाने पत्र नीट न वाचताच ‘बघू’ म्हणून सांगितले. संध्याकाळी ते माझ्या दारात आले. बसलेसुद्धा नाहीत.

“आरं, मी कुणाचं काय बुडवलं? हप्ता एक चुकला न्हाई. आणि पयला आरोप म्हणत्यात, म्हंजी दुसरा कवा?”

मी पत्र वाचले आणि म्हणालो, तात्या, हा बोजा आहे. नेहमीचा. सोसायटीचा चढायचा तसाच.

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “मग बोजा लिवायला काय झालतं त्यांना?”

मी त्या संस्थेला रजिस्टर पत्र पाठवले. उत्तर आलेले नाही.

संपादक महोदय, तात्या शाळेत चौथीपर्यंत गेले. आरोप या शब्दाची धास्ती त्यांना आपल्याच अंकामुळे आहे. ते पेपर रोज वाचतात. आरोप निश्चित झाले, आरोपी तुरुंगात गेले, या बातम्या त्यांनी पन्नास वर्षे वाचल्या आहेत. कोर्टात ठेवतात तो दोषारोप आणि कुणीही कुणावर करतो तो आरोप, हाही भेद आपल्या बातम्यांत राहिलेला नाही. गावातल्या माणसाला शब्दाचे वजन वर्तमानपत्रातून कळते. म्हणून चौकटीतली चूक मला लहान वाटत नाही.

लेखात पुढे म्हटले आहे की, एका शब्दात इतके अर्थ मावतात ही इंग्रजीची श्रीमंती आणि मराठीला दर वेळी नवा शब्द शोधावा लागतो ही अडचण. ‘रन’ या क्रियापदाचे ऑक्सफर्डच्या कोशात ६४५ अर्थ आहेत, असाही दाखला दिला आहे. असतील. पण मराठीला शोधावे कुठे लागते? महावितरणचे बिल काढा. स्थिर आकार, वहन आकार हे चार्ज आहेत, वीज शुल्क ही ड्यूटी आहे आणि मंजूर भार म्हणजे लोड. तिन्हींना तीन शब्द, एकाच कागदावर. बालभारतीच्या विज्ञानाच्या पुस्तकात प्रभार आहे. विहीर खोदताना खडक लागला की बार भरतात, तो बारही इंग्रजीत चार्जच. पोलिसांचा लाठीमार तर आपणच पहिल्या पानावर छापता. मोबाइल मात्र चार्जच करू, तिथे माझी हरकत नाही.

थोरली मुलगी इंग्रजी शिकवते. तिने कोश काढून सांगितले की, हा शब्द गाडीसाठीच्या लॅटिन शब्दावरून आला. गाडीवर माल लादणे हा त्याचा जुना अर्थ, आणि बोटीवरचा कार्गोही त्याच घरातला. म्हणजे ओझेच. चौकटीत जो शब्द गाळला, तोच मूळ अर्थाच्या सर्वांत जवळचा निघाला. सातबाऱ्यावर तो आधीपासून बसलेला आहे.

शेजारच्या सातारा जिल्ह्यात, वाईला, विश्वकोशाचे काम चालले तेव्हा पहिला खंड १९७६ साली निघाला, पण परिभाषासंग्रहाचा अठरावा खंड त्याच्या आधी, १९७३ मध्येच छापून झाला होता. आधी शब्द ठरवले, मग लेख छापले. पुरवणीच्या चौकटीसाठी एवढे कष्ट कुणी मागत नाही, पण एखाद्या तलाठ्याला फोन करता आला असता.

विषय निघालाच आहे म्हणून आणखी एक. आपल्या अंकात जमिनीच्या जाहीर नोटिसा इतक्या बारीक अक्षरात येतात की भिंग लागते. कुणाचा बोजा आहे, हरकत किती दिवसांत घ्यायची, हे त्यातच असते. ज्यांनी वाचायचे ते तात्यांच्या वयाचे असतात. वाढदिवसाच्या शुभेच्छांना अर्धे पान मिळते, मग या नोटिसांचे अक्षर थोडे वाढवता येणार नाही काय? हे मी पूर्वीही एकदा लिहिले होते.

येत्या रविवारी चौकटीची दुरुस्ती त्याच जागी, त्याच आकारात छापावी, ही विनंती. शीर्षकात ‘समानार्थी शब्द’ ऐवजी ‘निरनिराळे अर्थ’ करावे आणि बोजा हा शब्द घालावा. माझा नातू शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसणार आहे. त्याने ती चौकट कापून मराठीच्या वहीत चिकटवली आहे. मी ती फाडलेली नाही. दुरुस्ती आली की तिच्यावरच चिकटवू, असे त्याला सांगितले आहे.

आपला,
एक निवृत्त गटसचिव,
ता. तासगाव, जि. सांगली