रात्री एकच्या वर्गाला मी नाव घातलं नव्हतं

प्रति,
प्रमुख, विद्यार्थी सेवा विभाग

रोझ बॅरॅक्स, फिल्सेक, जर्मनी
१७ मार्च २०२५

विषय : सांख्यिकीचा संध्याकाळचा वर्ग तुम्ही अर्ध्यावर बंद केलात, त्याची नोंद माझ्या नावावर ‘स्वेच्छेने माघार’ अशी झाल्याबद्दल.

महोदया,

मी इथल्या अमेरिकी लष्करी तळावर पुरवठा विभागात सार्जंट आहे. आठ आठवड्यांच्या सत्रात तुमच्या संस्थेचा सांख्यिकीचा तीन क्रेडिटचा विषय घेतला. मंगळवार-गुरुवार, संध्याकाळी सहा ते नऊ, तळावरच्याच वर्गात, समोर शिक्षक, असं तुमच्या पत्रकात छापलं होतं. लष्कराची शिक्षणमदत, क्रेडिटला २५० डॉलर म्हणजे एकूण ७५०, मी त्या वर्गासाठी वापरली.

पहिला तास १४ जानेवारीला झाला. संक्रांत होती म्हणून मी तिळाच्या वड्या नेल्या होत्या. आम्ही अकरा जण होतो. मेकॅनिक, मेडिक, एकाची पत्नी. दिवसभराच्या कामानंतर बुटांचा चिखलही न काढता लोक येऊन बसायचे. प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीपासून किती विखुरलेत याचं माप, मला काही केल्या कळत नव्हतं, तेव्हा सरांनी माझ्याच स्टोअरचं उदाहरण घेतलं. गाड्यांचे सुटे भाग यायला कधी चार दिवस लागतात, कधी चाळीस. ते आकडे त्यांनी फळ्यावर मांडले आणि सगळं लख्ख दिसलं. साताऱ्याला बी.कॉम. दुसऱ्या वर्षाला सोडलं, त्याला चौदा वर्षं झाली. इतक्या वर्षांत गणिताच्या तासाची वाट पाहिली ती या आठ संध्याकाळी.

हो, आठच. ७ फेब्रुवारीला तुमचा ईमेल आला की शिक्षकांची दुसरीकडे नेमणूक झाली असून उरलेले आठ तास अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांबरोबर ऑनलाइन होतील, तिकडच्या पूर्व किनाऱ्याच्या वेळेनुसार संध्याकाळी सातला. फिल्सेकमध्ये तेव्हा रात्रीचा एक वाजलेला असतो आणि सकाळी साडेसहाला आम्हाला पीटीसाठी रांगेत उभं राहायचं असतं. रेकॉर्डिंग पाहिलं तर चालेल का, असं मी फोनवर विचारलं. पाहता येईल, पण हजेरीचे गुण मिळणार नाहीत, हे उत्तर मिळालं. तीन दिवसांत एक तर ऑनलाइन वर्ग मान्य करा, नाही तर माघारीचा अर्ज भरा, असं सांगण्यात आलं. अर्जावर तिसरा रकाना नव्हता. आमच्यातल्या चौघांनी तो भरला.

आता ते ७५० डॉलर माझ्या पगारातून कापले जाणार आहेत. शिपायाने आपणहून विषय सोडला तर मदत परत करावी लागते, हा नियम मला मान्य आहे. पण मी वर्ग सोडलेला नाही, तो तुम्ही बंद केलात. संस्थेने विषय रद्द केला तर पूर्ण रक्कम संस्थेनेच लष्कराला परत करायची, असं संरक्षण खात्याशी होणाऱ्या करारात आहे. वर्गाची जागा, वेळ आणि शिक्षक हे तिन्ही बदलल्यावर मूळ वर्ग चालू राहिला, असं तुम्ही कशाच्या आधारावर म्हणता?

ऑनलाइन शिक्षणाला माझा विरोध नाही. सरावाला बाहेर असणाऱ्यांना त्याचाच आधार असतो. पण जर्मनीतल्या तळांवर हे वर्ग आले तेच शिक्षकांच्या पायांनी. १९४९ साली मेरीलँड विद्यापीठाने सात प्राध्यापक पाठवले आणि सहा शहरांत संध्याकाळचे वर्ग उघडले. तुमची संस्था वेगळी आहे, पण इथे वर्ग भरवायला येताना तीही याच परंपरेत आली, असं मी समजत होते.

माझी नोंद ‘संस्थेने रद्द केलेला विषय’ अशी दुरुस्त करावी, तीही ३१ मार्चपूर्वी, कारण त्यानंतर कपात सुरू होईल. रक्कम लष्कराकडे जमा केल्याचं पत्र मला आणि आमच्या एज्युकेशन सेंटरला द्यावं. उरलेल्या तिघांच्या नोंदीही त्याच वेळी तपासाव्यात. त्यातला एकजण अजून एकोणीस वर्षांचा आहे आणि आपलंच चुकलं असं समजून गप्प बसला आहे.

सांख्यिकीचा वर्ग तळावर पुन्हा भरणार असेल तर कळवावं. मला तो विषय पुरा करायचा आहे.

आपली विद्यार्थिनी,
सार्जंट, पुरवठा विभाग

सोबत : प्रवेशाचं पत्रक, ७ फेब्रुवारीचा ईमेल, माघारीच्या अर्जाची प्रत