मोठी नळी उघडली, पुढं काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या आरोग्य पुरवणीतला आतड्यातल्या जीएलपी-१ या संप्रेरकावरचा लेख दोनदा वाचला. लेख तसा वाईट नाही. पण सोबत फोटो कुणाचा, तर कंबरेला टेप लावून हसणाऱ्या परदेशी बाईचा. झालं! सकाळी नऊच्या आत पुतण्याचा फोन, "काका, ते पोटाचं इंजेक्शन घेऊ का? मेडिकलवाला चिठ्ठी मागत नाही म्हणे." वय ३१, हृदय ठणठणीत, पोट तेवढं भजीच्या गाड्याची कृपा.

इंजेक्शननं हृदयाचा 'धोका २० टक्क्यांनी कमी' हे ठळक छापलंत. सेमाग्लुटाइडच्या (म्हणजे या संप्रेरकाची नक्कल करणाऱ्या त्याच इंजेक्शनच्या) २०२३च्या त्या चाचणीतले १७,६०४ जण पंचेचाळिशीच्या पुढचे, वजन जास्त असलेले आणि हृदयाचा किंवा रक्तवाहिन्यांचा आजार आधीच जडलेले होते. सव्वातीन वर्षांत शंभरातल्या ८ जणांऐवजी साडेसहा जणांवर झटका, पक्षाघात किंवा हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजारानं मृत्यूची वेळ आली. आकडा खोटा नाही. पण वीस टक्के आणि शंभरात दीड माणूस यातला कुठला मथळ्यात शोभतो, हे तुम्हाला मी काय सांगावं!

माझी खरी चीड वेगळी आहे. मुद्द्याची गोष्ट तुम्ही शेवटच्या चार ओळींत, गुडघ्याच्या तेलाच्या जाहिरातीवर दाबून बसवलीत.

माझे थोरले बंधू मिलमध्ये जॉबर होते. झटका आला, त्याच रात्री अँजिओप्लास्टी करून नळीत स्टेंट, म्हणजे जाळी, बसवली. डॉक्टरांनी फाइलच्या पाठीवर बॉलपेननं नळी काढून दाखवली, "इथं ब्लॉक होता, आता पूर्ण ओपन." आम्ही पेढे वाटले. पण घरी आल्यापासून दादा जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसायचे. कठडा धरून, खाली बघत. पुन्हा दाखवायला नेलं तर उत्तर एकच, "स्टेंट मस्त चालू आहे, टेन्शन घेऊ नका." वहिनीला तर वाटायचं, हे मुद्दाम करतात.

तुमच्या चार ओळी काय सांगतात? हृदयाची मोठी नळी मोकळी झाली तरी केसाहून बारीक नळ्यांभोवतीच्या पेशी आखडलेल्या राहू शकतात, रक्त पुढं सरकत नाही. आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांत हेच जीएलपी-१ त्या पेशी सैल करतं. सोलापूरकराला याची आकृती लागत नाही. चावीवाला व्हॉल्व्ह उघडून जातो आणि आमच्या बोळातला नळ नुसता फुसफुसतो. (तेही चार-पाच दिवसांआड, पहाटे तीनला. त्यावर पुरवणी कधी काढताय?)

दादांचं नेमकं हेच झालं होतं की नाही, मला सांगता येणार नाही. पण 'असं होऊ शकतं' एवढं वाक्य तेव्हा कुणी बोललं असतं, तर घरातली निम्मी भांडणं टळली असती.

आणि चौकटीतला तो सल्ला, 'भाकरी-पालेभाजी खा, संप्रेरक वाढवा, हृदय सांभाळा'! अहो, जेवणानंतर आतड्यातून निघणारं हे संप्रेरक दोनेक मिनिटांत मोडून जातं, म्हणून तर आठवडाभर टिकणारं इंजेक्शन बनवावं लागलं. दादांनी जन्मभर कडक भाकरीच खाल्ली, साहेब.

स्टेंटनंतरही दम लागला तर घरच्यांनी डॉक्टरांना काय विचारायचं, एवढंच एखाद्या हृदयरोगतज्ज्ञाकडून नीट लिहून घ्या. अर्धं पान द्या. फोटो कुणाचाही चालेल, टेपवाली बाई नको.

आपला,
एक जुना वाचक,
अशोक चौक, सोलापूर