तात्या, या वेळी फॉर्म भरण्याआधी

डे मॉईन, आयोवा

तीर्थरूप तात्यांना शिरसाष्टांग नमस्कार.

काल काकूंचा फोन झाला. गावच्या पीककर्जाच्या सोसायटीची निवडणूक तोंडावर आली आहे, पॅनलवाले रोज संध्याकाळी ढाळजेत येऊन बसतात, "तात्या, एवढ्या बारीला चेअरमन तुम्हीच" म्हणतात, आणि तुम्ही हो म्हणत नाही की नाही म्हणत नाही. फोनवर मी हा विषय काढला की तुम्ही पावसापाण्याचं बोलू लागता. म्हणून सावकाश वाचता येईल असं लिहिते आहे.

मी राहते ते राज्यही आपल्या औसा-निलंग्यासारखं सोयाबीनचं. इथले सिनेटर चक ग्रासली 1933 सालचे, स्वतः शेतकरी. 1981 पासून सिनेटमध्ये, म्हणजे इथल्या संसदेच्या वरच्या सभागृहात आहेत. 2022 ला वयाच्या 89 व्या वर्षी पुन्हा निवडून आले. मुदत सहा वर्षांची, म्हणजे ती संपेल तेव्हा ते 95 वर्षांचे असतील. दरवर्षी राज्याच्या 99 च्या 99 कौंट्यांत, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्या-तालुक्यांसारख्या भागांत, स्वतः जाऊन लोकांचं ऐकून घेतात. या कष्टाबद्दल मला मनापासून आदर आहे. तरीही एवढ्या वयात सहा वर्षं मागणं मला पटत नाही. उद्याच्या तब्येतीचा शब्द कुणीच देऊ शकत नाही, आणि तब्येत ढासळली की कामं अडतात ती लोकांची.

कॅलिफोर्नियाच्या डायॅन फाइनस्टाइन यांचं तसंच झालं. 2018 ला 85 व्या वर्षी पुन्हा निवडून आल्या. 2023 मध्ये नागीण झाली आणि कित्येक आठवडे त्या येऊ शकल्या नाहीत. न्यायाधीशांची नावं ज्या समितीपुढे येतात तिथे त्यांच्या पक्षाचं बहुमत एका मताचं, त्यामुळे काही नेमणुका खोळंबल्या. त्याच सप्टेंबरात, पदावर असतानाच त्या गेल्या, 90 व्या वर्षी. एवढ्या कर्तबगार बाईंचं शेवटचं वर्ष "आता तरी सोडा" हे ऐकण्यात गेलं, याचं मला फार वाईट वाटलं.

बायडेन यांचं तुम्ही टीव्हीवर पाहिलंच. 21 जुलै 2024 ला माघार घेतली, तेव्हा मतदानाला जेमतेम साडेतीन महिने उरले होते. हरण्याची कारणं पुष्कळ असतील, पण नव्या उमेदवाराला उभं राहायला वेळ मिळाला नाही हे खरं.

तात्या, ढाळजेत बसणाऱ्यांचं तुमच्यावर प्रेम आहे, मी नाही म्हणत नाही. पण तुम्ही राहिलात की त्यांचा एक मोठा प्रश्न टळतो. तुमच्यानंतर कोण, हे ठरवायचं म्हटलं तर दोन भावक्यांत जुंपेल, आणि ते कुणालाच नको आहे. तुमच्या नावाखाली ते भांडण पाच वर्षं झाकून राहील, मिटणार मात्र नाही. आज तुमचा शब्द दोन्हीकडे चालतो. तो चालतोय तोवरच ते तुमच्या समोर मिटायला हवं.

सोडलं की सगळं सुरळीत होतं, असंही मी म्हणणार नाही. इथलेच टॉम हार्किन, अपंगांच्या हक्कांच्या 1990 च्या कायद्यासाठी झटलेले. सिनेटमध्ये अठ्ठावीस वर्षं काढल्यावर, 2014 च्या निवडणुकीत उभं राहणार नाही हे त्यांनी जानेवारी 2013 मध्येच सांगून टाकलं. एवढा वेळ देऊनही त्यांची जागा विरोधी पक्षाकडे गेली. सांगोल्याचे गणपतराव देशमुख अकरा वेळा आमदार, 2019 ला वयामुळे थांबले, आणि नातू आठशेहून कमी मतांनी पडला. पण 2024 ला ती जागा दुसऱ्या नातवाने परत आणलीच. आणि आपल्या हिंगोलीकडच्या कडोळीचे नानाजी देशमुख! 1977 ला निवडून आले, मंत्रिपद नाकारलं, साठी उलटताच निवडणुकीचं राजकारण सोडलं आणि गोंडा, चित्रकूटला गावांच्या कामात पुढची तीस वर्षं घातली. त्यांना कुणी रिकामा म्हातारा म्हणालं नाही.

तुम्हाला भीती पद जाण्याची नाही, हे मला माहीत आहे. किल्लारीच्या भूकंपानंतर तुम्ही महिनोन्महिने घरी टेकला नव्हता, तेव्हा तुमच्याकडे कुठलं पद होतं? तुम्हाला वाटतं, आपण उठलो की सोसायटी बुडेल. ते अगदीच खोटं नाही. पीककर्ज मुदतीत फेडलं तर तीन लाखांपर्यंत व्याज लागत नाही. पण मार्च जवळ आला की कुणाच्या घरी दोनदा जायचं, कुणाला जावयाकडून निरोप द्यायचा, कुणाची खरंच अडचण आहे आणि कुणाचं नाटक, हे सगळं तुमच्या डोक्यात आहे. गटसचिवाच्या कॉम्प्युटरवर थकबाकीचा आकडा दिसतो, माणूस दिसत नाही.

म्हणूनच आत्ता. गोऱ्ह्याला तुम्ही जाणत्या बैलाच्या जोडीला जुंपूनच शिकवत होता ना? बैल थकून बसल्यावर कोण शिकवणार? पॅनल तुमच्या विचाराने होऊ द्या, पण तुमचं नाव त्यात नको. तेरा जणांत निदान तीन-चार पस्तिशीच्या आतले घ्या. बायकांच्या राखीव जागांवर नावापुरत्या नको, बोलणाऱ्या बायका घ्या. बचत गटात हिशोब ठेवणाऱ्या दोघी तर आपल्याच गल्लीत आहेत. नवा चेअरमन निवडला की पहिल्या मार्चला त्याला बरोबर घेऊन वसुलीला घरोघर जा. तो चुकला तर चारचौघांत टोकू नका, घरी बोलावून सांगा.

आणि हे सगळ्यांना वार्षिक सभेत, माईकवर, स्वतः सांगा. आमच्यापैकी कुणी तुमच्या वतीने सांगायला नको. काकूंनाही मी तेच म्हणाले, की तात्यांवर दबाव आणू नका, ठरवू द्या त्यांना.

गुडघ्याची गोळी जेवल्यावरच घ्या, उपाशीपोटी नको. डॉक्टरांचा कागद दादाला सांगून मला व्हॉट्सॲपवर पाठवा. मी दिवाळीला येते आहे. फॉर्म भरायची तारीख त्याआधी असेल तर मला कळवा, आपण फोनवर नीट बोलू. तुमचं ठरलेलं माझ्या म्हणण्यापेक्षा वेगळं निघालं तरी ते मला तुमच्याच तोंडून ऐकायचं आहे.

काकूंना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुमची,
सुमन