नानांची ट्रंक

चि. भाऊ,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालास, नानांची पदकं फ्रेम करून पुण्याच्या घरी लावतो, कुरियर कर. तू दशक्रियेनंतर गेलास, तेव्हापासून त्यांच्या ट्रंकेला हात लावायचा धीर होत नव्हता. काल उघडली. ‘पूर्वी स्टार’ आणि ‘संग्राम पदक’, एकाहत्तरच्या लढाईची दोन्ही पदकं रुमालात बांधून ठेवलेली होती. ती पाठवते. पण त्यांच्याखाली निळ्या आंतरदेशीय पत्रांचा गठ्ठा निघाला, आजीच्या लुगड्याच्या काठाने बांधलेला. तो मी पाठवणार नाही, तो इथे येऊनच बघ.

नाना १९६३ साली भरती झाले. चीनच्या लढाईनंतर फौज वाढवत होते, तेव्हाची गोष्ट. बेळगावला ट्रेनिंग झालं आणि ते पहिल्या मराठा बटालियनमध्ये, जंगी पलटणीत गेले. आजीला अक्षरओळख नव्हती. पत्र आलं की पोस्टमन आपल्या ओट्यावर बसून मोठ्याने वाचायचा आणि निम्मी गल्ली ऐकायला जमायची. त्यात नवरा बायकोला काय लिहिणार? मनीऑर्डर पोचली का, बैल कसे आहेत, थोरामोठ्यांना नमस्कार. म्हणून नानांनी पत्राच्या खालच्या कोपऱ्यात चित्रं काढायला सुरुवात केली. वाटी म्हणजे पोटभर जेवलो. चंद्र म्हणजे रात्रीचा पहारा आहे. झोका काढला की आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुटी मंजूर. पोस्टमन वाचून गेला की आजी पत्र घेऊन आत जायची आणि चुलीच्या उजेडात खालचा कोपरा बघायची. हे तिने मला माझ्या पहिल्या आखाजीला सांगितलं, मांडे करता करता.

एक पत्र १९७१ च्या डिसेंबरातलं आहे. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात गावाचं नाव नाही, फक्त ९९ एपीओ, म्हणजे फौजेच्या टपालाचा नंबर. खाली दोन वाकड्या रेघा, मध्ये पाण्याच्या लाटा, आणि पलीकडच्या काठावर एक माणूस. आजीला वाटलं, ही तापी. तेव्हा अमळनेर स्टेशनला उतरून आपल्या गावी यायचं तर नावेतून तापी ओलांडावी लागायची. म्हणजे माणूस निघाला. तीन दिवस ती तुझ्या पप्पांना कडेवर घेऊन काठावर जाऊन बसली. नाव यायची, माणसं उतरायची, आणि ही परत फिरायची.

ती नदी ब्रह्मपुत्रा होती. हे मला खूप वर्षांनी कळलं, नानांच्या पलटणीतले एक हवालदार काका मुक्कामाला आले होते तेव्हा. बांगलादेशच्या लढाईत पलटण नदी ओलांडून तिथल्या जमालपूरच्या पाठीमागे पाकिस्तानी फौजेचा रस्ता अडवून बसली होती. ९ डिसेंबरला आपल्या ब्रिगेडियरसाहेबांनी शरण या म्हणून पत्र पाठवलं. समोरून जवाब आला, त्याच्यासोबत बंदुकीची गोळी गुंडाळलेली. १० च्या रात्री ते लोक वाट फोडायला निघाले ते थेट मराठ्यांच्या मोर्च्यांवर. पहाटेपर्यंत गोळीबार चालला. ११ ला जमालपूर पडलं, पाच दिवसांनी ढाका. काका सांगत होते आणि नाना खाली मान घालून शेंगा फोडत होते. गोळीचा विषय निघाला तेव्हा एवढंच म्हणाले, "पत्राला असं उत्तर देत नसतात." आणि उठून गुरांना पाणी दाखवायला गेले.

नाना होळीला सुटीवर आले. त्याच वर्षी बहात्तरचा दुष्काळ पडला, लोक खडी फोडायला जाऊ लागले. पुढची सहा वर्षं त्यांच्या मनीऑर्डरवर घर चाललं, दोन्ही काकांचं शिक्षण झालं. १९७८ ला पेन्शन घेऊन आले ते कापसाच्या शेतात उतरले. त्याबद्दल तुला पप्पा सांगतील.

मला सांगायचंय ते २००९ चं. तू तेव्हा होस्टेलला होतास, तुला अर्धवटच माहीत आहे. आजीला लकवा मारला आणि वाचा गेली. एका दवाखान्यात चार दिवस आम्हाला नुसतं या खोलीतून त्या खोलीत फिरवलं, शेवटी घरी न्या म्हणाले. आजी काहीतरी सांगू बघायची, आम्हाला कळायचं नाही, मग ती रडायची. मीही आत जाऊन रडायची. नाना म्हणायचे, "व्हई जाई," होऊन जाईल. एके दिवशी त्यांनी माळ्यावरून तुझी लहानपणीची पाटी काढली, तिच्या मांडीवर ठेवली आणि पेन्सिलने वाटी काढली. आजीने मान हलवली. मग चंद्र काढला. तिने चंद्रावर बोट ठेवलं आणि हसली. लकव्यानंतर पहिल्यांदा हसली, रे.

त्यानंतर सहा वर्षं ती दोघं पाटीवर बोलत होती. स्वयंपाक मी करायची, पण भरवणं, पाठ पुसणं, केसांना तेल लावून वेणी घालणं त्यांनी मला कधी करू दिलं नाही. म्हणायचे, माझ्याकडे पंधरा वर्षं बाकी आहेत तिची. फौजेतली वर्षं ते अशी मोजायचे. त्यातली सहाच फिटली, याची मला फार हळहळ वाटते. ती गेली त्या दिवशीही नानांनी सकाळी वेणी घातली होती.

पाटीही ट्रंकेतच सापडली, पत्रांच्या खाली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. तिच्यावर दोन रेघा आहेत, मध्ये लाटा, आणि पलीकडच्या काठावर एक बाई. ही रेघ नानांची की आजीची, मला ओळखता येत नाही. पप्पांनाही येत नाही. मी कापड लावलेलं नाही, तशीच ठेवली आहे. आखाजीला ये.

तुझी,
आई