शुल्क भरण्याआधी स्वीकृत प्रत आठवा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

शोधनिबंध कुठे छापावा, यावरचा आपल्या पुरवणीतील लेख वाचला. वर्गणीची जर्नल्स तेवढी खानदानी आणि ओपन अॅक्सेस, म्हणजे वाचकाला फुकट खुली असलेली जर्नल्स, म्हणजे पैसे भरा नि छापून घ्या, असा त्याचा एकूण सूर आहे. मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात नियतकालिकांचा विभाग सांभाळते आणि हा सूर रोज ऐकते. तो पुरता खोटा नाही, म्हणून तर त्याची अडचण होते.

पैसे घेऊन काहीही छापणारी जर्नल्स आहेतच. 2013 मध्ये पत्रकार जॉन बोहॅनन यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकासाठी ढोबळ चुका पेरलेला बनावट निबंध 304 ओपन अॅक्सेस जर्नल्सकडे पाठवला, तेव्हा 157 जणांनी तो स्वीकारला. वर्गणीच्या जर्नल्सकडे तो पाठवलाच नव्हता, ही गोष्ट मात्र हा दाखला देणारे सोयीस्कर विसरतात. लसीचा स्वमग्नतेशी संबंध जोडणारा 1998 चा कुप्रसिद्ध निबंध ‘लॅन्सेट’ या वर्गणीच्या वैद्यकीय जर्नलमध्ये आला होता, आणि तो पूर्णपणे मागे घ्यायला 2010 साल उजाडले. तेव्हा संपादक मंडळावर कोण आहे, निबंधाची इतर तज्ज्ञांकडून समीक्षा कशी होते, हे दोन्हीकडे तपासावेच लागते.

पैशांच्या बाबतीतही कोणी सोवळे नाही. वर्गणीच्या जर्नलात लेखकाला सहसा खर्च नसतो, कारण तो आमच्यासारख्या ग्रंथालयांच्या माथी येतो. हा भार पेलवेनासा झाल्याचे 2012 मध्ये हार्वर्डनेही आपल्या प्राध्यापकांना लेखी कळवले होते, तिथे इतरांची काय कथा! उलट बाजूला ‘नेचर’ने निबंध सर्वांना खुला करण्याचे शुल्क 2021 पासून 9,500 युरो ठेवले. संकरित जर्नल्स तर वर्गणीही घेतात आणि आपला निबंध खुला करून मागेल त्या लेखकाकडून शुल्कही.

याच संकरित जर्नलपाशी बहुतेकांची फसगत होते. निबंध स्वीकारल्याचे पत्र येते, सोबत एक फॉर्म: शुल्क भरून खुला करणार की वर्गणीच्या मार्गाने जाणार? विद्यार्थी धास्तावून विचारतात, ‘मॅडम, पैसे नाही भरले तर आमचं कोणी वाचणारच नाही का?’ वाचतील. बहुतेक मोठे प्रकाशक लेखकाला त्याची ‘स्वीकृत प्रत’ त्याच्या संस्थेच्या रिपॉझिटरीत, म्हणजे ऑनलाइन संग्रहात, ठेवू देतात. समीक्षकांच्या सूचनांनुसार दुरुस्त केलेला, पण प्रकाशकाने मांडणी करण्याआधीचा मजकूर म्हणजे ही प्रत. कुणी ती लगेच खुली करू देतो, कुणी सहा महिन्यांनी, कुणी वर्ष-दोन वर्षांनी. प्रकाशकाची सजवलेली पीडीएफ मात्र तिथे चढवायची नाही. अनुदान देणाऱ्या संस्थेची अट तेवढी आधी वाचा; 2018 च्या ‘प्लॅन एस’ या अनुदानदात्यांच्या खुल्या प्रकाशनाच्या योजनेत सामील झालेल्या संस्थांना थांबणे चालत नाही, निबंध पहिल्या दिवसापासून खुला हवा असतो.

लेखकाकडून शुल्क नाही आणि वाचकाकडून वर्गणीही नाही, अशीही पुष्कळ जर्नल्स आहेत. विद्यापीठे, अभ्यासमंडळे त्यांचा खर्च उचलतात. ‘डिरेक्टरी ऑफ ओपन अॅक्सेस जर्नल्स’ या सूचीतली निम्म्याहून अधिक जर्नल्स शुल्क घेत नाहीत. 2015 मध्ये ‘लिंग्वा’ या भाषाशास्त्राच्या जर्नलचे संपादक मंडळच्या मंडळ राजीनामा देऊन बाहेर पडले आणि त्यांनी ‘ग्लॉसा’ हे सर्वांना खुले जर्नल काढले. जे आधी ‘लिंग्वा’साठी निबंध तपासत होते, तेच संपादक आता तिथे तपासू लागले! पण बढतीच्या अर्जात नव्या नावाला वजन कमी, म्हणून आमचे प्राध्यापक अशा ठिकाणी जायला कचरतात. त्यांना दोष कसा देऊ?

स्वीकृत प्रतीचा मार्ग बिनखर्चाचा असूनही ओस का, तर ती फाइलच कुणाकडे नसते. निबंध छापून आला की लेखकाजवळ उरते फक्त छापील पीडीएफ. रिपॉझिटरीसाठी मागायला गेले की पहिला लेखक म्हणतो दुसऱ्याकडे असेल, दुसऱ्याचा लॅपटॉप मध्यंतरी बदललेला असतो, आणि मार्गदर्शकांच्या मेलमध्ये ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल खरंच’ अशा तीन फाइली सापडतात. त्यांतली समीक्षेनंतरची कोणती, हे त्यांनाही सांगता येत नाही. स्वीकृतीचे पत्र आले त्याच दिवशी ती फाइल ग्रंथालयाला मेल करा. खुली कधी करायची, त्या तारखा आम्ही सांभाळू.

आपली,
एक ग्रंथपाल