पत्र्याला चंदेरी नको, पांढरा रंग द्या

मा. संपादक,

उन्हाळा तोंडावर आला की पर्वती पायथ्याच्या वस्त्यांपासून भोसरीतल्या शेडपर्यंत पत्रे रंगवण्याची लगबग सुरू होते आणि बहुतेक जण चंदेरी, म्हणजे ॲल्युमिनियमचा रंग घेतात. 'चकाकतो म्हणजे ऊन परतवतो' हे गणित अर्धेच खरे आहे. ऊन परतवण्याइतकेच, शोषलेली उष्णता आकाशाकडे फेकणेही महत्त्वाचे. आणि तिथे चकाकणारा धातू भलताच कंजूष.

प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार सतत प्रारण, म्हणजे किरणांच्या रूपातली ऊर्जा, सोडत असते. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५,५०० अंश सेल्सिअस, म्हणून त्याचे प्रारण आपल्याला प्रकाश म्हणून दिसते. ६० अंशांचा पत्रा पावणेनऊ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) तरंगलांबीच्या आसपास, न दिसणाऱ्या अवरक्त पट्ट्यात सर्वाधिक प्रारण सोडतो. (लोखंडसुद्धा अंधारात लालसर दिसायला सव्वापाचशे अंशांच्या आसपास जावे लागते.) ६० अंशांना आदर्श पृष्ठभाग दर चौरस मीटरमागे सुमारे ७०० वॅट सोडतो. साधा रंग, मग तो पांढरा असो की काळा, त्याच्या ८५ ते ९५ टक्के सोडतो; चंदेरी रंग साधारण ३० ते ६० टक्के; नवा कोरा जस्ती पत्रा त्याहूनही कमी. काळा रंग बाद होतो तो ऊन गिळतो म्हणून. चांगला पांढरा रंग नवा असताना ७० ते ८० टक्के ऊन परतवतो आणि उरलेली उष्णताही सोडून देतो. धूळ बसली की हा आकडा घसरतो, म्हणून मार्चमध्ये पत्रा एकदा धुऊन घ्यावा.

मग लांबूनच तापमान दाखवणाऱ्या इन्फ्रारेड 'गन'ने मोजल्यावर चकाकणारा पत्रा थंड कसा दिसतो? कारण ही गन तापमान मोजतच नाही. ती ८ ते १४ मायक्रॉनमधले प्रारण मोजून त्यावरून अंदाज बांधते. स्वस्त गनमध्ये उत्सर्जनाचा आकडा ०.९५ ला कायमचा बांधलेला असतो, म्हणजे समोरचा पृष्ठभाग आदर्शाच्या ९५ टक्के प्रारण सोडतो असे ती धरून चालते. कोरा पत्रा प्रारण सोडतो थोडे आणि वरच्या थंड, निरभ्र आकाशाचे प्रतिबिंब दाखवतो जास्त. हात भाजेल इतक्या तापलेल्या पत्र्यावर गन हवेपेक्षाही कमी आकडा दाखवू शकते. खरे मोजायचे तर पत्र्याच्या आतल्या, सावलीतल्या बाजूला मास्किंग टेप घट्ट चिकटवा, पाचेक मिनिटे थांबा आणि टेपवर नेम धरा. उन्हातल्या बाजूला टेप लावून उपयोग नाही, टेप स्वतःच वेगळी तापते. गनवर १२:१ लिहिले असेल तर सव्वा मीटरवरून ती दहा सेंटिमीटरचा ठिपका मोजते. त्यामुळे टेपची एक पट्टी पुरत नाही, शेजारी शेजारी चार-पाच लावाव्यात किंवा गन जवळ न्यावी.

रंगाबद्दल दोन सूचना. नव्या जस्ती पत्र्यावर थेट ऑइलपेंट मारू नये. जस्ताशी अभिक्रिया होऊन त्याचे पापुद्रे निघतात. पत्रा डिटर्जंटने धुवावा, तेलकटपणा जाऊ द्यावा, जस्ती पत्र्याचा प्रायमर लावावा आणि वर ॲक्रिलिक रूफ कोटिंगचे दोन हात द्यावेत, दुसरा पहिल्याला आडवा. हे काम सकाळीच उरकावे. तापल्या पत्र्यावर रंग नीट बसण्याआधीच सुकतो. चुना गच्चीच्या काँक्रीटला ठीक, पत्र्यावर टिकत नाही.

आतली बाजू मात्र कोरी चकचकीतच ठेवावी. हौसेने तिथेही रंग मारला जातो आणि तीच बाजू मग खाली बसलेल्यांच्या डोक्यावर कोऱ्या पत्र्याच्या तीन-चार पट प्रारण सोडू लागते. कंत्राटदाराच्या दरपत्रकात 'आतून-बाहेरून' असे लिहिलेले असेल, तर त्यातले 'आतून' खोडून मगच सही करा.

– एक वाचक, धायरी, पुणे