पेटी दिसली पाहिजे, माश्या नसल्या तरी चालेल?

प्रति,
मा. मंत्रीमहोदय, महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

काल सकाळी मधमाशीपालन योजनेच्या कार्यालयातून फोन आला. "ताई, पेट्यांजवळ उभं राहून फोटो पाठवा, लोकेशनसकट." मी म्हटलं, साहेब, दहातल्या आठ पेट्या रिकाम्या आहेत. पलीकडून उत्तर आलं, "पेटी दिसली पाहिजे. माश्या नसल्या तरी चालेल." रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही, म्हणून हे पत्र.

मी महाबळेश्वर तालुक्यातली. आमच्या घरात सातेरी, म्हणजे आपली देशी मधमाशी, मामंजींच्या वेळेपासून आहे. झाडाच्या ढोलीतली माश्यांची वसाहत काढून ते पेटीत भरायचे आणि राणी आत गेली की बाकीच्या माश्या आपोआप मागं जायच्या. तेव्हा ते आम्हा सगळ्यांना गप्प बसवायचे. शेजारच्या मांघरला 2022 साली देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून मान मिळाला तेव्हा आमच्या गावातही पेढे वाटले. वाटलं, आता आपल्या माशीला दिवस आले.

20 मे, जागतिक मधमाशी दिन. व्यासपीठावरून जाहीर झालं, माश्यांसकट दहा पेट्या, निम्मे पैसे सरकारचे. मी तिथंच हात वर करून म्हणाले, पाऊस तोंडावर आहे, दसऱ्यानंतर द्या. उत्तर मिळालं, उद्दिष्ट जूनअखेर पूर्ण करायचंय. माझ्या वाट्याचे वीस हजार मी बचत गटातून उचलले.

मृग लागला त्याच आठवड्यात टेम्पो आला. साहेब, आमच्याकडे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. माशी बाहेर पडू शकत नाही, पडलीच तर फूल नाही. त्यात या वसाहती सपाटीवरून आणलेल्या, पेटीतल्या पोळ्याच्या आठ चौकटींपैकी जेमतेम तिनावर माश्या बसलेल्या. मी साखरेचा पाक करून वाट्या ठेवल्या, पेट्यांवर प्लास्टिक बांधलं, लेकाला ताप असतानाही संध्याकाळी उठून पेट्यांच्या तळाच्या फळ्या पुसल्या.

गौरी गेल्यावर सातव्या पेटीचं झाकण उघडलं. आत पांढरी जाळी, मेणपतंगाच्या अळ्यांनी पोळं पोखरलेलं, तळाला मूठभर मेलेल्या माश्या. एका कोपऱ्यात राणी अजून चालत होती. तिच्याभोवती दहा-बारा कामकरी माश्या. दुसऱ्या दिवशी त्याही नव्हत्या. घरातलं माणूस गेल्यासारखी मी तिथं बसून राहिले, आणि आता मला सांगतात, फोटो पाठवा!

उरलेल्या दोन वसाहतींना आता स्ट्रॉबेरीच्या फवारणीची धास्ती. सकाळी माशी फुलावर असते, नेमकी तेव्हाच औषधं मारतात. संध्याकाळी मारा म्हणून सांगणारं कुणी गावात फिरकत नाही. म्हैस विजेच्या तारेला चिकटून मेली तर पंचनामा होतो. माझ्या आठ वसाहती मेल्या, त्यांचा पंचनामा कुठल्या कागदावर होतो ते तलाठ्यालाही माहीत नाही.

आणि जो मध निघतो त्याचं काय? सातेरीची पेटी वर्षाला पाच-सात किलो देते. गिऱ्हाईक तोंडावर म्हणतं, दुकानात याच्या निम्म्यानं मिळतो. मिळणारच! डिसेंबर 2020 मध्ये दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्रानं 13 ब्रँडचा मध तपासला, त्यातले 10 ब्रँड जर्मनीतल्या चाचणीत नापास झाले. साखरेचं सरबत मध म्हणून विकणाऱ्याशी मी जांभळाच्या मधाचा भाव कसा जुळवू?

त्याच 2020 साली दिल्लीनं मधमाशीपालनासाठी 500 कोटी जाहीर केले. त्यातले किती रुपये माशी जगवायला गेले आणि किती लाकडाला, हे मला कुणी सांगेल का? पण हे फक्त माश्यांचं नाही. वृक्षारोपणात तुम्ही खड्डे मोजता, जगलेली रोपं मोजत नाही. शौचालयाच्या भिंती मोजल्या, त्यात पाणी येतं का ते पाहिलं नाही. दिलं की तुमचं काम संपतं आणि तिथून पुढं सगळं नशीब आमचं. आम्ही लाभार्थी म्हणून यादीत असतो, माणूस म्हणून कुठंच नसतो. तुमच्या खात्यात एक तरी माणूस असा आहे का, ज्यानं पावसाळ्यात पेटी उघडून पाहिली आहे?

मागणं मोठं नाही. वसाहती पाऊस उघडल्यावर द्या, इथल्याच डोंगरातल्या द्या, मधपाळानं उघडून पाहिल्यावरच त्याची सही घ्या. वसाहत मेली तर तिची नोंद आणि भरपाई होऊ द्या. बचत गटाचा हप्ता मी मोलमजुरी करून भरतेच आहे, तो मागत नाही.

फोटो मी पाठवणार नाही. फाल्गुनात जांभूळ फुलायला लागेल. त्याच्या आत मला आठ वसाहती द्या. पेट्या आहेत माझ्याकडे.

आपली,
एक मधपाळ, महाबळेश्वर तालुका, जि. सातारा